घोरणं थांबलं, तरी आई दुपारी पेंगते

कोपरखैरण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते.

‘आई ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. बाबांसोबत ठाण्याला नौपाड्यात राहते. तिचं घोरणं जुनंच, घरात त्यावर विनोद व्हायचे. गेल्या वर्षापासून मात्र सकाळी डोकं जड, दिवसभर थकवा, पेपर वाचता वाचता झोप. बीपीची गोळी चालू आहे. छातीच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, करायला लावली. एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याचा आकडा, १९ आला. उताणं झोपल्यावर ३४, कुशीवर ८. ऑक्सिजन एकदा ८१ टक्क्यांपर्यंत उतरला होता. मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन भाड्याने आणलं, पण आई दोन तासांत मास्क काढून ठेवते. पोटात गॅस धरतो म्हणते, आणि “भजनी मंडळाच्या सहलीत ही सोंड लावून झोपू का?” असं विचारते. भावाने ऑनलाइन एक वस्तू मागवली, गरम पाण्यात बुडवून चावायची आणि रात्री दातांत धरायची. घोरणं जवळजवळ बंद! बाबा खूश. पण आई दुपारी तशीच पेंगते, आणि सकाळी पुढचे दात दुखतात. ओळखीचे दंतवैद्य म्हणतात, नाइट गार्ड करून देतो. आईच्या खालच्या दोन दाढा नाहीत, तिथे काढायची-घालायची कवळी आहे. ब्रश करताना रक्तही येतं. दातांवर काहीतरी लावून हा आजार खरंच आटोक्यात येतो, की नुसतं घोरणं झाकलं जातं?’

ताई, दोन्ही होऊ शकतं, आणि बाहेरून ते सारखंच दिसतं. दातांवर बसवायचं साधन, ज्याला आम्ही दंतवैद्य ओरल अप्लायन्स म्हणतो, हा स्लीप ॲप्नियावरचा, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याच्या आईच्या या आजारावरचा, मान्य उपचार आहे. फक्त तो लागू पडला की नाही, याचा निकाल बाबांच्या कानांवर सोडता येत नाही.

घोरण्याचा आवाज येतो तेव्हा हवा निदान आत-बाहेर जात तरी असते. वाट अरुंद झालेली असते, मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात आणि घर जागं होतं. श्वास पुरता अडतो तेव्हा मात्र आवाजच नसतो. आजूबाजूच्यांना वाटतं, चला, झोप लागली एकदाची. मग काही सेकंदांनी एक मोठा हुंकार, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं. एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा. प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र. आईचा १९ म्हणजे सहा तासांच्या झोपेत शंभराहून जास्त वेळा. इतक्यांदा मेंदू तिला क्षणभर जागं करतो आणि सकाळी तिला त्यातलं काही आठवत नाही. सकाळचं जड डोकं आणि दुपारची पेंग ही त्याचीच वसुली. त्या चावायच्या वस्तूने आवाज गेला, पेंग मात्र तशीच राहिली. म्हणजे श्वास अजून अडत असण्याची शंका घ्यायलाच हवी.

घरातल्या विनोदांबद्दल एक बोलते. बाई घोरते हे आपल्याकडे हसण्यावारी जातं, आणि बाईचा थकवा लोहाच्या गोळ्यांवर नाहीतर ‘वय झालं’वर भागवला जातो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये या आजाराचं प्रमाण वाढतं. पुरुषांसारख्या उघड डुलक्या न येता झोपमोड, डोकेदुखी, चिडचिड, अशा आडवळणाने तो समोर येतो आणि तपासणी लांबते. तुमच्या छातीच्या डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला लावली, त्यांचे आभार माना. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही एकदा करा, कारण थायरॉइड मंद असेल तर हा त्रास वाढतो. आई झोपेची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. घशाचे आधीच सैल पडणारे स्नायू काही गोळ्यांनी आणखी सैलावतात.

आता जबड्याचा आणि श्वासाचा संबंध. जागेपणी घशाचे स्नायू वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते ढिले पडतात. नारळपाण्यातली कागदी नळी भिजली की ओढताना मधेच चपटी होते, तसा घसा श्वास आत घेताना आतल्या आत मिटतो. उताणं झोपलं की जीभही मागे पडून त्यात भर घालते. या जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याला, हनुवटीच्या आतल्या बाजूला जोडलेला आहे. त्यामुळे खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवला की जीभ पुढे येते, सोबत टाळू आणि घशाच्या बाजूच्या भिंतीही ताणल्या जातात आणि वाट रुंद राहते. कल्पना आजकालची नाही. पिएर रोबँ या फ्रेंच डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लहान जबड्याच्या बाळांची मागे पडणारी जीभ पुढे आणण्यासाठी असं साधन वापरलं होतं.

हे समजलं की नाइट गार्डचा प्रश्न आपोआप सुटतो. नाइट गार्ड असतो रात्री दात खाणाऱ्यांसाठी. तो दातांची झीज वाचवतो, जबडा पुढे धरत नाही. उलट काही ॲप्नियाच्या रुग्णांमध्ये नुसत्या वरच्या दातांवरच्या गार्डने श्वास अडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. तुमचे दंतवैद्य चांगल्या मनाने म्हणाले असतील, पण त्यांना ‘घोरणं’ एवढंच सांगितलं गेलं का, ते आठवून बघा. स्लीप स्टडीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला होता का?

भावाने मागवलेली वस्तू थोडी वेगळी. ती जबडा थोडा पुढे आणते खरी, पण किती, यावर कुणाचंच नियंत्रण नाही. एकदा चावून आकार घेतला की तोच. दातांवर सैल बसते, झोपेत निसटते, आणि सगळा भार पुढच्या पटाशीच्या दातांवर येतो. म्हणून सकाळी दुखतं. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या तोंडात तर ती वापरूच नये. अशी तयार साधनं आणि मापाने बनवलेली साधनं यांची तुलना झाली आहे, आणि मापाची सरस ठरली आहेत. आजपासून बंद करा. बाबांची झोपमोड होईल. काही दिवस बाहेरच्या खोलीत गादी टाकू द्या.

मापाचं साधन म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर घट्ट बसणारे दोन वेगळे साचे, कडक ॲक्रिलिकचे किंवा नायलॉनसारख्या पदार्थाचे. ते स्क्रूने, पट्ट्यांनी किंवा दाढांजवळच्या उंचवट्यांनी एकमेकांत अडकतात. दंतवैद्य दातांचं माप घेतात किंवा स्कॅन करतात आणि आई जबडा जास्तीत जास्त किती पुढे काढू शकते ते मोजतात. सुरुवात साधारण त्याच्या निम्म्यावर करतात. नंतर काही आठवडे, मिलिमीटरच्या छोट्या छोट्या अंशांनी, त्रास किती आणि फायदा किती हे बघत जबडा पुढे नेत जातात. जास्त पुढे म्हणजे जास्त गुण असं समजून घरीच भराभर स्क्रू फिरवणारे महाभाग भेटतात. त्यांचा जबडा आठवड्याभरात संप पुकारतो आणि साधन कपाटात जातं.

गुण किती येतो? मोकळेपणाने सांगायचं तर ढोबळमानाने एक तृतीयांश लोकांचा एएचआय ५ च्या खाली येतो, एक तृतीयांशांचा बराच उतरतो पण पूर्ण नाही, आणि उरलेल्यांना फारसा फरक पडत नाही. आकडा खाली आणण्यात सीपॅप सरस आहे, यात वाद नाही. पण मशीन चालू असेल तेवढाच वेळ ते काम करतं. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांना महिनाभर सीपॅप आणि महिनाभर दातांचं साधन दिलं. सीपॅपने श्वास अडणं जास्त कमी झालं, दातांचं साधन रात्री जास्त तास वापरलं गेलं, आणि महिन्याअखेर रक्तदाबावरचा परिणाम जवळपास सारखा निघाला. अभ्यास छोट्या मुदतीचा होता, हे लक्षात ठेवून त्याकडे बघायचं. दोन तास लावलेलं उत्तम मशीन आणि सात तास लावलेलं मध्यम साधन यांत मी दुसरं निवडेन. मात्र हा हिशोब मध्यम आजारासाठी. एएचआय ५० आहे, ऑक्सिजन तासन्‌तास खाली राहतो, हृदय अशक्त आहे, अशा रुग्णाला मी दारातूनच परत छातीच्या डॉक्टरांकडे पाठवते. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही, असाही एक ॲप्निया असतो. त्यात जबडा कितीही पुढे ओढून उपयोग नाही.

अमेरिकेतल्या झोपविकार तज्ज्ञांच्या आणि या क्षेत्रातल्या दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ साली मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांना सीपॅप सहन होत नाही किंवा दुसरा उपाय हवा आहे, अशा प्रौढांना ओरल अप्लायन्स द्यावं, ते मापाने केलेलं आणि कमीजास्त करता येणारं असावं, आणि साधन तोंडात ठेवून पुन्हा झोपेची तपासणी करावी, असं त्यात आहे. आपल्याकडे नेमकी ही शेवटची पायरी गाळली जाते. पैसे दिले, घोरणं थांबलं, विषय संपला. आईच्या बाबतीत हे होऊ देऊ नका. जबड्याची जागा पक्की झाली की, साधारण दोन-तीन महिन्यांनी, पहिल्यासारखीच तपासणी करून घ्या. पहिली हॉस्पिटलमध्ये डोक्याला तारा लावून झाली असेल आणि दुसरी घरी छोट्या यंत्रावर केली, तर आकड्यांची सरळ तुलना करू नका. घरचं यंत्र बहुतेक वेळा झोप मोजत नाही, एकूण नोंदीच्या तासांनी भागतं, त्यामुळे एएचआय कमी दिसू शकतो. एएचआयशिवाय सगळ्यात खाली गेलेला ऑक्सिजन आणि ९० टक्क्यांखाली गेलेला एकूण वेळ, हे दोन्ही रिपोर्टमध्ये शोधा.

तुमच्या आईच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. आजार मध्यम आहे. बायकांना या साधनाचा गुण पुरुषांपेक्षा बरा येतो असं दिसतं. आणि उताणं ३४, कुशीवर ८, हा फरक फार बोलका आहे: ज्यांचा श्वास मुख्यतः उताणं झोपल्यावर अडतो, त्यांना साधन लागू पडण्याची शक्यता जास्त. हाच फरक एक फुकटचा उपायही सुचवतो. पाठीला उशी किंवा पाठीवर छोटी पिशवी बांधून कुशीवर झोपायची सवय आजपासून लावा. एकट्या त्याने भागणार नाही. कुशीवरही ८ आहेच.

अडचण दात आणि हिरड्यांची. साधनाला धरायला प्रत्येक जबड्यात साधारण आठ-दहा मजबूत दात हवेत. दोन दाढा गेल्या असतील आणि बाकीचे घट्ट असतील तर जमतं. कवळी रात्री काढायची आणि साधन उरलेल्या दातांवर बनवायचं. पण रक्त येतं ते आधी बघा. हिरड्यांचा आजार असेल आणि दात हलत असतील, तर रोज रात्रभर त्यांना ढकलणारं साधन म्हणजे दात गमावायला निमंत्रण. आधी साफसफाई आणि हिरड्यांचे उपचार, कॅप किंवा ब्रिज करायचा असेल तर तोही आधी, मग साधनाचं माप. उलट क्रमाने गेलात तर नव्या कॅपवर जुना साचा बसत नाही आणि खर्च दुप्पट. जबड्याच्या सांध्यात, कानापुढे, आधीपासून दुखत असेल किंवा तोंड उघडताना अडकत असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा.

त्रास काय होतात? सुरुवातीला लाळ खूप सुटते किंवा तोंड कोरडं पडतं, सकाळी जबडा आखडतो, वरचे-खालचे दात नीट मिटत नाहीत. बहुतेकांचं हे नाश्त्यापर्यंत मोकळं होतं. त्यासाठी सकाळी चावायला छोटी पट्टी किंवा जबड्याचे व्यायाम देतात, ते टाळू नयेत. लांब पल्ल्याची गोष्ट वेगळी, आणि ती आधी सांगितलेली बरी. काही वर्षांच्या वापराने खालचे पुढचे दात बाहेर झुकतात, वरचे किंचित आत येतात, चावण्याची ठेवण बदलते. ती पूर्ववत होईलच असं नाही. पुष्कळांना ती जाणवतही नाही, आम्हाला मोजल्यावर कळते. श्वासाच्या बदल्यात हा सौदा मला बरा वाटतो, पण सही आईची हवी, माझी नव्हे. पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी दाखवणं, हे त्या सौद्यातलंच कलम.

मशीन लगेच परत करू नका. सीपॅप १९८१ पासून आहे, ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते आणलं, आणि तेव्हाच्या अवजड मास्कच्या मानाने आजचे मास्क पुष्कळ सुटसुटीत आहेत. पोटात गॅस भरतो तो हवा गिळली गेल्याने. हवेचा दाब कमी करून, दाबाची पद्धत बदलून किंवा मास्क बदलून बऱ्याचदा फरक पडतो. नाक चोंदत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. साधन तयार होऊन जागेवर बसेपर्यंत दोन-तीन महिने जाणारच आहेत, तेवढे दिवस आईकडे मशीनच आहे. सहल त्याआधी असेल तर तेच घेऊन जावं लागेल. खोलीत उशाशी प्लग आहे का ते विचारा, एक्स्टेंशन बोर्ड न्या, आणि शेजारी झोपणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा. साठीच्या बायकांच्या मंडळात घोरणारी तुमची आई एकटी असेल, हे मला पटत नाही. पुढे साधन लागू पडलं तर प्रवासाची कटकट मिटेल. त्याला वीज लागत नाही, डबी पर्समध्ये मावते. घरी मशीन आणि गावी साधन असं करणारेही आहेत.

पत्रात नाही, पण विचारते: आई स्कूटर चालवते का? चालवत असेल तर पेंग जाईपर्यंत किल्ली बाबांकडे. राममारुती रोडपर्यंतच जाते, ही सबब चालणार नाही.

कुणाकडे जायचं? आधी ज्यांनी स्लीप स्टडी केली त्या डॉक्टरांकडे. त्यांच्याकडून साधनासाठी चिठ्ठी घ्या. मग कृत्रिम दात किंवा वेड्यावाकड्या दातांवर उपचार करणारा असा दंततज्ज्ञ शोधा, ज्याने या साधनांचं काम केलेलं आहे. तुमच्या बाजूला नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या या दोन विभागांत चौकशी करा. खाजगीपेक्षा खर्च कमी पडण्याची शक्यता असते. आईला ठाण्याहून नेरूळची ट्रान्स-हार्बर लोकल पकडू द्या, तुम्ही कोपरखैरण्याला चढा.

तिथे विचारायचं ते असं. साधन दोन तुकड्यांचं आहे का, नंतर पुढे-मागे करता येतं का, आणि जागा पक्की झाल्यावर झोपेची तपासणी पुन्हा करायला सांगाल ना? शेवटच्या प्रश्नावर ‘त्याची काय गरज, घोरणं थांबलं की झालं’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून उठा. सांगितलेल्या रकमेत नंतरच्या भेटी, स्क्रूची जुळवणी आणि साधन तुटल्यास दुरुस्ती धरली आहे का, हे लेखी घ्या. मेडिक्लेम असेल तर खर्च करण्याआधी विमा कंपनीला ईमेलवर विचारा, फोनवरच्या ‘हो’वर जाऊ नका. आणि माप घेतलं त्या दिवशीचं दातांचं स्कॅन किंवा प्लास्टरचा साचा मागून घ्या. पाच वर्षांनी दंतवैद्य बदलला तरी आईचे दात किती सरकले ते त्याच्याशी ताडून बघता येईल.